येळवशीच्या रानात सुवार्ता

धाराशिव जिल्ह्यात फिरून आलो असं सांगितलं की आमच्या नगरचे लोक लगेच विचारतात, "तुळजापूर झालं का?" तुळजापूर आम्हाला वाटेत लागलं, पण आम्ही उतरलो नाही. आमचं जाणं वेगळ्या कामासाठी होतं, आणि खरं सांगायचं तर ते काम माझं नव्हतंच. ते माझ्या बहिणीचं होतं.

सुलभाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. पस्तीस वर्षं तिनं नर्स म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून दर वर्षी नाताळाच्या आधी ती आठवडाभर कुठल्यातरी जिल्ह्यात जाते. एसटीनं फिरते, लॉजवर राहते आणि शेजारी जो बसेल त्याच्याशी बोलते. बोलता बोलता येशूविषयी सांगते. तिला कुठली संस्था पाठवत नाही. खांद्याला एक कापडी पिशवी, तिच्यात सुवार्तेच्या पातळ पुस्तिका, बिस्किटं आणि गुडघ्याला लावायचं तेल. यंदा त्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मी.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. नकाशे काढण्यात आयुष्य गेलं. आमचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती आहे आणि मी रविवारी न चुकता चर्चला जातो, पण मागच्या बाकावर बसतो. देवाविषयी अनोळखी माणसाशी बोलणं म्हणजे मला कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटतं. हे मी ताईला निघण्याआधीच सांगितलं. ती म्हणाली, "तू नको बोलूस. तू बॅग धर."

कळंब

कळंबला पोचलो तेव्हा बाजार भरात होता. आडत दुकानांपुढं सोयाबीन आणि नवी तूर यांचे ढीग, त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या मोटरसायकली, आणि सगळ्यावर एक बारीक पिवळी धूळ. सकाळी नाष्ट्याला इथं सुसला मिळतो. मुरमुरे भिजवून पोह्यांसारखे परततात, वर शेंगदाण्याचा कूट आणि लिंबू. आमच्याकडं मुरमुरे कोरडेच खायचे असतात, त्यामुळं पहिला घास विचित्र लागला. तिसऱ्या घासाला मी दुसरी प्लेट सांगितली.

सुसल्याच्या गाड्यावरची बाई गालाला हात लावून काम करत होती. ताईनं विचारलं, "दाढ दुखते का?" झालं. पाऊण तास दोघी दाढेवर बोलल्या. कुठल्या बाजूची, थंड पाणी लागतं का, दवाखान्यात कधी दाखवलं. त्यात येशूचं नाव एकदाही आलं नाही. शेवटी त्या बाईनंच विचारलं, "तुमी कुठल्या म्हणायच्या? कशापायी आलाव इकडं?"

"मी ख्रिस्ती आहे. लोकांना येशूची गोष्ट सांगत फिरते. ऐकायची असेल त्यालाच सांगते."

"असं व्हय. आमच्या नणंदेच्या गावात हायत तसले," ती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली.

मला हसू आलं. ताईला काही वाटलं नाही. चालता चालता तिनं मला तिचे नियम सांगितले. आधी विचारायचं, मग ऐकायचं, मग जमलं तर सांगायचं. आपल्याबाबतीत जे घडलं तेवढंच सांगायचं. आणि अडलेल्याला सांगायचं नाही. "आजारी माणूस, रडणारा माणूस, पोराच्या नोकरीसाठी हवालदिल झालेला माणूस, त्याला काहीही पटतं," ती म्हणाली. "अशाला आधी मदत करायची. देवाचं तो उभा राहिल्यावर."

"मग तुझं ऐकणार कोण? धडधाकट माणूस कशाला ऐकेल?"

"कुणी नाही ऐकत बहुतेक वेळा," ताई म्हणाली.

कळंबहून धाराशिवला जाताना बसमध्ये ताईच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी बसले. पांढरा सदरा, कपाळाला कुंकवाचं बोट. मी मागच्या सीटवर होतो. ते तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातले निघाले, तीस वर्षं कळंबकडच्या शाळांत मराठी शिकवलेले. ताईचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही मला तुमचा देव सांगितला. आता मी तुम्हाला आमची आई सांगू का?"

"सांगा की," ताई म्हणाली.

त्यांनी गाडी धाराशिवात शिरेपर्यंत सांगितलं. देवी वर्षातून तीनदा निद्रेला जाते, पलंग कुठून येतो, त्यांच्या आजोबांच्या पूजेच्या पाळीचा दिवस कसा असायचा. सांगताना एका ठिकाणी त्यांचा आवाज भरून आला. ताई मध्ये एकदाही बोलली नाही. उतरताना गुरुजींनी पुस्तिका मागून घेतली आणि म्हणाले, "वाचीन. पटेल असं सांगत नाही."

"वाचा म्हणजे झालं," ताई म्हणाली. लॉजवर गेल्यावर ती गुरुजींच्या आजोबांविषयीच बोलत राहिली. एवढ्या लांब येऊन आपण दुसऱ्याचाच धर्म ऐकून आलो, असं मी म्हणालो. तिनं गुडघ्याला तेल चोळता चोळता सांगितलं, "तो माणूस खरं बोलत होता. खरं बोलणाऱ्याला तोडायचं नसतं."

बेंबळी

दुसऱ्या दिवशी ताईला तिच्या जुन्या सहकारिणीला भेटायचं होतं. दोघी एका वॉर्डात होत्या, ती आता माहेरी बेंबळीला राहते. फोन लागत नव्हता, तरी आम्ही गेलो. बेंबळी मोठं गाव आहे, पण बसमधून उतरलो तर रस्त्यावर माणूस नाही. दुकानं बंद, घरांना कुलपं. त्या सहकारिणीच्या दारालाही कुलूप. काही वाईट घडलंय की काय असं मला वाटलं.

तेवढ्यात एक पिकअप गाडी आमच्यापाशी थांबली. मागं बायका, पोरं, दुरड्या, चरव्या. पुढं बसलेल्या साठीच्या बाईंनी मान बाहेर काढून विचारलं, "कुणाकडं आलाव?"

ताईनं नाव सांगितलं.

"ती कशाची घावते आज? येळवस हाय. आज गावात कुत्रंबी राहत न्हाय. चला बसा, रानात. येळवशीला दारात आलेल्या मानसाला उपाशी धाडत नसत्यात."

मार्गशीर्षातल्या अमावस्येला धाराशिव आणि लातूरकडं वेळ अमावस्या करतात, तीच येळवस. आमच्या भागात हा सण नाही, मी फक्त ऐकून होतो. त्या बाईंचं नाव काशीबाई. गाडी चालवत होता तो त्यांचा मुलगा बालाजी. मागं त्यांची सून सविता, तिची दोन पोरं, आणि बालाजीचा चुलतभाऊ दत्ता, पंचवीस-सव्वीसचा, मोबाईलवर सगळ्याचं शूटिंग करणारा.

त्यांचं रान गावापासून दोनेक किलोमीटरवर होतं. काळी जमीन, कणसं निसवायला आलेली शाळू ज्वारी, मध्ये हरभऱ्याचे पट्टे, आणि लांबवर सोलर पंपाची चकाकी. ज्वारीत कडब्याची खोप उभारली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडले होते, ते पांडव. बालाजीनं पूजा केली. मग ताक आणि ज्वारीच्या पिठाच्या अंबिलाचा गडवा घेऊन पिकातून फिरत, शिंपडत, कानडी वळणाची एक आरोळी देत राहिला. तिचा अर्थ मी विचारला तर म्हणाला, "आजा म्हणायचा, बाप म्हणायचा, मी म्हणतो. अर्थ कुणालाच ठाऊक न्हाय."

ताई पूजेच्या वेळी बांधावर उभी राहिली होती. काशीबाईंच्या ते लक्षात आलं.

"तुमच्यात चालत न्हाय का हे?"

"मी ख्रिस्ती आहे. पूजेला लांब उभी राहते, जेवायला जवळ बसते."

"मंग लई शान्या हाव तुमी," काशीबाई म्हणाल्या आणि आमच्यापुढं पत्रावळी टाकल्या.

त्या जेवणाविषयी न लिहिणं अन्याय होईल. भज्जी म्हणजे भजी नव्हे. सगळे कोवळे दाणे, पालेभाज्या, चिंचेचा कोळ आणि बेसन यांची दाटसर भाजी, जी भाकरीबरोबर नुसती खाल्लीच जात नाही, ओरपली जाते. बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, आणि माठातलं आंबट, लसणाचा वास असलेलं गार अंबील. काशीबाई वाढत होत्या आणि नको म्हटलेलं त्यांना ऐकू येत नव्हतं. शेजारच्या रानातल्या लोकांनीही येऊन आम्हाला त्यांच्या खोपीत बोलावलं. आमच्याकडं अनोळखी माणसाला पाणी विचारतात, इथं त्या दिवशी पूर्ण जेवण विचारतात, आणि एकदा नाही, चारदा.

जेवण झाल्यावर मी बांधावरच्या बाभळीखाली आडवा झालो. ताई आणि सविता भांडी घेऊन पाटाकडं गेल्या. वीसेक मिनिटांनी ताई एकटी परत आली आणि माझ्याजवळ बसली. तिचा चेहरा मी ओळखतो. वॉर्डातून घरी आल्यावर काही वाईट सांगायचं असलं की तसा व्हायचा.

"भास्कर, ही सविता आपल्यातली आहे," ती हळू म्हणाली. "घरी कुणाला माहीत नाही. माहेरी गेली की प्रार्थनेला जाते. मी ख्रिस्ती आहे म्हटलं तर माझा हातच धरला तिनं."

"बरं मग?"

"तिला फिटचा आजार आहे. लग्नाआधीपासून. गोळ्यांवर चार वर्षं एकही फिट आली नव्हती. माहेरच्या प्रार्थनेला कुणी बाहेरचा उपदेशक आला होता. त्यानं डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, तू बरी झालीस, आता गोळी घेशील तर तो अविश्वास. दोन महिने झाले, ही गोळी रोज उकिरड्यात टाकते. सासू समजते घेते."

मी उठून बसलो. "मग सांग त्यांना."

"तिनं विश्वासानं सांगितलंय मला. मी म्हटलं, तूच नवऱ्याला सांग, आत्ता. तर म्हणते, आज सण आहे, घरचे चिडतील, उद्या सकाळी नक्की सांगते. कुणाला सांगू नका म्हणून मला शपथ घातली." ताईनं पाटाकडं बघितलं. मग म्हणाली, "एक दिवस. दोन महिने गेलेत, एक दिवस जाईल. उद्या फोन करून विचारते."

मला ते पटलं, हेही इथं लिहून ठेवतो. पाहुण्यांच्या रानात पोटभर जेवून त्यांच्या घरातली भानगड बाहेर काढणं मला नको होतं.

उतरत्या उन्हाला खोपीपुढं तीन दगड मांडून दूध उतू घालवायचं असतं. सविता चुलीशी बसली होती, पोरं दूध कुठल्या बाजूला उतू जातंय ते बघायला टपली होती. दूध वर आलं, पोरं ओरडली, आणि सविता ताठ झाली. तिची मान एका बाजूला वळली आणि ती पुढं कोसळली. दुधाचं भांडं कलंडलं, तिचा उजवा हात विस्तवात गेला.

बहात्तर वर्षांची, गुडघा शिवलेली माझी बहीण ती दहा पावलं पार करून कशी पोचली मला सांगता येणार नाही. तिनं विस्तवात हात घालून सविताचा हात ओढून काढला, तिला बाजूला घेतलं, कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदराची घडी सरकवली. दत्ता चप्पल घेऊन धावला, नाकाला लावायला. कुणी कांदा फोडत होतं. एकानं दातांत चमचा घालायला आणला.

"काही लावू नका. तोंडात काही घालू नका. तिला धरूही नका," ताई म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण माणसं थांबली. "भास्कर, घड्याळ बघ."

मी बघितलं. अडीच मिनिटं. मग सविताचं अंग सैल पडलं आणि ती घोरल्यासारखा श्वास घेऊ लागली. ताईनं तिचा भाजलेला तळवा घागरीतल्या पाण्यात धरला. पोरं रडत होती. शेजारच्या रानातली माणसं गोळा झाली होती.

पहिला दत्ता बोलला. "वैनीला चार वर्षांत काय झालं न्हवतं. ह्या बाई आल्या, पाटाकडं घेऊन गेल्या, आन् आता हे." त्यानं मोबाईल ताईकडं धरला. "काय शिकवत हुता तिला? काय दिलं? पिशवीत काय हाय?"

पिशवी माझ्याकडं होती. त्यानं ओढून घेतली आणि पुस्तिका बाहेर काढल्या. गर्दीत कुजबुज झाली. हल्ली दिवस असे आहेत की ती कुजबुज कुठवर जाईल सांगता येत नाही. दत्तानं मोबाईल माझ्याकडं वळवला. "तुमी बी ह्याच्यातलेच का?"

"मी त्यांचा भाऊ," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं, पण ते त्याच्या प्रश्नाचं उत्तरही नव्हतं. मला ते बोलतानाच कळलं. 

ताई जमिनीवरच बसून होती. सवितानं डोळे उघडले होते, पण ती पूर्ण शुद्धीवर नव्हती. ताई तिच्याकडं वाकली, काहीतरी पुटपुटली, बहुधा माफी मागितली. मग बालाजीकडं बघून म्हणाली, "मी तिला काही दिलं नाही. पण दोष आमच्याकडचाच आहे. तिनं दोन महिने झाले गोळ्या सोडल्यात. आमच्यातल्याच एका माणसानं तिला सोडायला सांगितलं, देवाचं नाव घेऊन. मला हे दुपारी कळलं. मी तेव्हाच तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. तिचा हात भाजला तो माझ्यामुळं."

 ती एवढंच म्हणू शकली असती की मी नर्स आहे, मी वाचवलं. लोकांनी मानलं असतं. आमच्यातल्याच, हा शब्द कुणी मागितला नव्हता.

बालाजी बायकोकडं बघत राहिला. "खरं हाय का गं?" सविताच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिला बोलता येत नव्हतं.

काशीबाई पुढं आल्या. दत्ताच्या हातातला मोबाईल त्यांनी काढून घेतला आणि आपल्या कमरेला खोचला. "गाडी काढ," त्या बालाजीला म्हणाल्या. मग ताईकडं वळून, "आन् तुमी बी चला. तुमचा बी हात भाजलाय, दिसतंय का?"

तोपर्यंत ताईच्या बोटांकडं कुणीच बघितलं नव्हतं, तिनंही.

धाराशिव

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सविताला तपासलं, तळव्याला पट्टी केली आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. रात्रभर ठेवून घेतलं. ताईच्या तीन बोटांना मलमपट्टी झाली. बालाजी बाहेर बाकावर बसला होता. तो आमच्याशी एक शब्द बोलला नाही आणि त्याला बोलायला लावावं असं मलाही वाटलं नाही.

सकाळी आम्ही पुन्हा गेलो. काशीबाई सुनेच्या उशाशी बसल्या होत्या. सविता शुद्धीवर होती, पण ताईकडं बघत नव्हती. बराच वेळ गेल्यावर तिनं विचारलं, "बाई, माझा इस्वास कमी पडला का?"

काशीबाई ऐकत होत्या. ताईनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि मग सविताला सांगितलं, "मी पस्तीस वर्षं गोळ्या वाटल्या. प्रत्येक गोळी देताना मनात प्रार्थना केली. त्यातलं लागू काय पडलं, हे मी कधी विचारलं नाही. दोन्ही त्याच्याकडूनच येतं असं मी मानते. तुला ज्यानं निवडायला लावलं, तो चुकला. तू नाही."

"तुमी बी सांगून टाकलं," सविता म्हणाली. "म्या म्हणलं हुतं उद्या सांगते."

"हो. त्याबद्दल तू रागव. तुझा हक्क आहे."

सविता रागावली की नाही मला कळलं नाही. तिनं डोळे मिटून घेतले.

काशीबाई आम्हाला दवाखान्याच्या फाटकापर्यंत सोडायला आल्या. "एक सांगते," त्या म्हणाल्या. "म्या दोन महिने रोज तिच्या हातावर गोळी ठेवत हुते आन् पाठ फिरवत हुते. म्या बी तोंडात टाकली का बघितलं न्हाय. ज्याची चूक त्यानं बघावी." मग थांबून म्हणाल्या, "देव तिला कोन्ता घ्यायचा तो घेऊ द्या, ते बालाजी आन् ती बघतील. गोळीचं म्या बघते." त्यांनी ताईचा फोन नंबर मागितला. दत्ताचा मोबाईल अजून त्यांच्याच कमरेला होता.

नळदुर्ग

परत फिरू या असं मी सुचवलं. ताई म्हणाली, ठरलंय तर जाऊ. म्हणून आम्ही नळदुर्गला गेलो. किल्ला मोठा आहे, आत बोरी नदी अडवलेली आहे आणि बंधाऱ्याच्या भिंतीतच पाणीमहाल बांधलेला आहे. पाटबंधाऱ्यातला माणूस म्हणून मी ती भिंत तासभर बघितली. चारशे वर्षांपूर्वी ज्यांनी ती काढली त्यांना आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांपेक्षा जास्त कळत होतं. पावसाळ्यात इथं दोन धबधबे पडतात, डिसेंबरात नुसत्या काळ्या ओघळांच्या खुणा होत्या.

ताई बुरजाच्या सावलीत बसून राहिली. सहलीला आलेल्या बायका शेजारी बसल्या, त्यांनी तिच्या हाताला काय झालं विचारलं, तिनं "भाजलं" एवढंच सांगितलं. किल्ल्यात ती आपणहून कुणाशी बोलली नाही. तिला असं मी आईच्या मृत्यूनंतर एकदाच बघितलं होतं.

दुपारी हायवेवरच्या एका ढाब्यावर जेवायला थांबलो. ताई थोडं खाऊन झाडाखालच्या बाजेवर जाऊन पडली. माझ्यासमोर एक ट्रक ड्रायव्हर येऊन बसला, पन्नाशीचा, उमरग्याकडचा, हैदराबादहून सोलापूरला माल घेऊन चाललेला. त्यानं शेंगदाण्याची चटणी माझ्याकडं सरकवली आणि बाजेकडं बघत विचारलं, "बाईंच्या हाताला काय झालं?"

मी "भाजलं" म्हणू शकलो असतो. त्याऐवजी मी सगळं सांगितलं. आम्ही कोण, कशासाठी आलो, येळवस, सविता, गोळ्या, विस्तव. दत्तानं मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, तेही सांगितलं. त्याविषयी मी ताईशीही बोललो नव्हतो. ड्रायव्हर जेवता जेवता ऐकत होता. मध्ये त्यानं एकदा भाकरी मागवली.

"मंग तुमी हायत का न्हाय त्यांच्यातले?" त्यानं विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "ख्रिस्ती आहे. येशूला मानतो."

"मंग तुमचा देव खरा का डाक्टर खरा? एक मानूस त्याचंच नाव घेऊन गोळ्या बंद कर म्हणतो, तुमची बहीण त्याचंच नाव घेऊन घे म्हणती. आमच्यासारख्यानं काय समजायचं?"

 नकाशात एखादी पातळी जुळत नसली की मी जशी पेन्सिल खाली ठेवायचो तसा हातातला घास खाली ठेवला. मग जे सुचलं ते सांगितलं. "मला सगळं नाही सांगता येणार. पण माझी बहीण काल गप्प बसली असती तर आम्ही सुटलो असतो. लोकांनी तिचे पाय धरले असते. तिनं उभ्या गर्दीत सांगितलं की चूक आमची, आणि माझी. ती ज्याच्या जिवावर हे बोलली, त्याला मी मानतो. मला काल बोलता आलं नाही. म्हणून आज तुम्हाला सांगतोय."

"असं व्हय," तो म्हणाला. त्यानं हात धुतले, दोन चहा सांगितले, एक माझ्यापुढं ठेवला. उठताना म्हणाला, "ते पुस्तक देत असत्यात म्हणलाव न्हवं तुमी? द्या एक. सोलापुरात गाडी खाली व्हायला दोन दिवस लागत्यात. तिथं वाचायला काय नसतंय."

मी पिशवीतून एक काढून दिली. त्यानं ती शर्टाच्या खिशात घातली आणि ट्रककडं गेला. मी वळून पाहिलं तर ताई बाजेवर उठून बसली होती.

"काय बोलत होतास रे एवढा वेळ?"

"हाताचं विचारत होता तुझ्या."

"मग?"

"सांगितलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "चहा मला पण सांग."

नगर

नाताळ घरी झाला. त्यानंतर महिन्याभरानं, एका रविवारी दुपारी ताईचा फोन वाजला. मी तिच्याकडंच जेवायला होतो. तिच्या बोटांची नवी कातडी अजून गुलाबी होती. फोन काशीबाईंचा होता. त्यांचा आवाज फोनशिवायही ऐकू आला असता, त्यामुळं मला सगळं कळलं.

सून बरी होती. फिट पुन्हा आली नव्हती. गोळी काशीबाई स्वतः देत होत्या आणि जीभ वर करून दाखवायला लावत होत्या. दत्ताला मोबाईल परत दिला होता, शूटिंग पुसून घेऊन. बालाजी महिनाभर बायकोशी धड बोलत नव्हता, आता बोलू लागला होता.

"आन् ती रविवारची तुमच्या देवळात जाऊ का म्हणली," काशीबाई म्हणाल्या. "धाराशिवला. बालाजी न्हाय म्हणत हुता. म्या म्हणलं, जाऊ दे. पन म्या संगं येनार. आदी तिथल्या उपदेश करनाऱ्या मानसाला इचारनार, गोळ्या घ्यायच्या का न्हाय ते सांग, मंगच हिला आत सोडते."

"मग?" ताईनं विचारलं. "काय म्हणाले ते?"

"घ्यायच्याच म्हणला. मंग बसलाव दोगी. म्या बी ऐकलं." फोनवर त्यांनी घसा खाकरला. "बरं बोलतो तो मानूस. पन लई लांबड लावतो, बाई. म्हशीची धार काढायचा टाइम झाला तरी त्याचं आपलं चालूच."

"ते खरंय," ताई म्हणाली. "ते मात्र खरंय."